खोड सांगा

नानांबरोबर खरेदीला एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा जात नसे. त्यांचे सख्खे भाऊ जात नसत. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, तर नाना पिशवी काढताना दिसले की डोकं दुखतंय म्हणून आडव्या होत. मी मात्र जात राहिलो, कारण आमची टेबलं शेजारी होती आणि मला तोंडावर नाही म्हणता येत नसे.

धुळ्याकडच्या एका बाजार समितीत नाना निरीक्षक होते आणि मी हिशेबाचा कारकून. नव्वदच्या दशकात, ज्या वर्षी समितीत कॉम्प्युटर येणार अशी नुसतीच हवा होती, त्या वर्षी नानांनी जळगावहून स्वतःसाठी कॉम्प्युटर आणला. तोही हिशेबासाठी नव्हे, गेम खेळायला. पन्नाशी ओलांडलेला, पांढरा सदरा-पायजमा घालणारा, खिशात अडकित्ता बाळगणारा हा माणूस. त्या खरेदीचा किस्सा मी नंतर इतक्या लग्नांत, इतक्या पंगतींत सांगितला की आता मला तो पाठ आहे, कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा, सगळ्यासकट. आणि तो किस्सा मी नेहमी एकाच वाक्यावर संपवत आलो : "असं जळगावच्या दुकानदारानं आमच्या नानांना रुमालाखाली बनवलं."

हे वाक्य खोटं आहे. दुकानदारानं कोणाला बनवलं नाही. पण मी सांगून सांगून आमच्याकडे तेच खरं होऊन बसलं. नाना गेले, दुकानही कधीच बंद झालं. माझीही सत्तरी उलटली. म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

छत्री घ्यायची तर नाना ती दुकानात उघडून मिटून बघत, मग दुकानाबाहेर, मग वाऱ्याकडे तोंड करून, मग वाऱ्याकडे पाठ करून. नव्या चपला पायात घालून ते पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन येत आणि येऊन सांगत, "शेठ, चाल जुळत नाही." छताचा एक पंखा त्यांनी परत केला, कारण तो सुरू होताना मान हलवत होता. दुकानात चहा आला तर सौदा पटेपर्यंत ते घेत नसत आणि मलाही घेऊ देत नसत. "चहा पोटात गेला की माणूस मऊ पडतो, भाऊ." माझ्यापुढचा कप निवत जाई आणि नाना कपाटाच्या बिजागऱ्या बोटानं चाचपत असत.

हे सगळं बैलबाजारातून आलेलं होतं. आठवड्याच्या बाजाराला नाना निंबाखाली खुर्ची टाकून पावत्या फाडत. कायद्यानं बोली उघड व्हायला हवी, पण आमच्याकडे जुने दलाल अजून रुमालाखालीच सौदा करत. दोघांच्या हातावर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून भाव सांगायचा. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. वरून दोघंही आभाळाकडे बघत असल्यासारखे दिसतात. नाना ते चालू देत. फक्त एक गोष्ट ते कोणालाही चुकवू देत नसत. भाव जमला की रुमाल काढायच्या आधी घेणाऱ्यानं विचारायचं, "खोड सांगा." मग विकणाऱ्यानं जनावराचा दोष सांगायचा. मारकं आहे, लाथ मारतं, जुवाला बसतं, जे असेल ते. सांगितलेल्या खोडीबद्दल मग तक्रार नाही. लपवलेली खोड आठ दिवसांत निघाली तर जनावर परत. यातली खरी गोम दलालाची होती. विकणाऱ्यानं खोड दलालाला सांगितली, तर ती घेणाऱ्याला सांगितली असंच धरायचं. पुढे पोचवायची ते दलालाचं इमान. पोचवली नाही असं त्यानं आठ दिवसांत स्वतः कबूल केलं, तरच सौदा मोडायचा.

एकदा सातपुड्याच्या पायथ्याचा एक माणूस घेतलेला बैल चालवत परत घेऊन आला. बैल नांगराला जुंपला की खाली बसत होता. विकणारा म्हणाला, मी दलालाला सांगितलं होतं. नानांनी दलालाला निंबाखाली बोलावलं. "सांगितलं होतं का यानं?" दलाल जमिनीकडे बघत राहिला. सांगितलं होतं पण मी पोचवलं नाही, असं म्हणाला असता तर सौदा मोडला असता. तो काहीच बोलला नाही. त्या माणसानं थोडा वेळ वाट बघितली आणि बैलाची दोरी धरून आल्या वाटेनं निघून गेला. नाना मला म्हणाले, "दलालानं तोंड उघडलं नाही तर पुढे रस्ता नाही. मी काय करणार?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला मात्र भूक लागली होती, मी जेवलो.

ही खोड विचारायची सवय त्यांनी बाजारापुरती ठेवली असती तर आम्ही सुखी झालो असतो. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या की नाना विचारत, "आता यांची खोड सांगा." डॉक्टर चिडत. दवाखान्यातले बाकीचे पेशंट मात्र कान देऊन ऐकत. मी मुलगी बघायला एरंडोलला गेलो तेव्हा माझ्या वडिलांच्या जागी नाना आले होते. पोहे झाले, पत्रिका झाली, आणि नानांनी मुलीच्या वडिलांना शांतपणे विचारलं, "आता मुलीची खोड सांगा."

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. तेवढ्यात आतल्या दारातून मुलगीच म्हणाली, "मला सकाळी लवकर उठवत नाही. आणि उठवलं तर मी तासभर बोलत नाही."

"झालं," नाना म्हणाले. "सांगितलेल्या खोडीची तक्रार नाही." मग माझ्याकडे वळले. "भाऊ, आता तुमची सांगा."

मी म्हणालो, "काही नाही."

तिच्याशीच माझं लग्न झालं. ती आजही सकाळी तासभर बोलत नाही आणि मी तक्रार करत नाही. पण भांडण झालं की ती एवढंच म्हणते, "त्या दिवशी तुम्ही काही सांगितलंच नव्हतं."

कॉम्प्युटर कशासाठी हवा होता, तेही सांगायला हवं, कारण किस्सा सांगताना मी हा भाग गाळत असे. त्यानं हशा पिकत नाही.

नानांचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. दुसऱ्या वर्षाला अडकला, पुन्हा बसला, पुन्हा अडकला आणि ट्रंक घेऊन घरी आला. तेव्हापासून तो सकाळी अंघोळ करून निघे आणि स्टँडमागच्या एका बोळातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात जाऊन बसे. रात्री जेवायला येई आणि न बोलता झोपे. वहिनी रडत. लोक म्हणत, दोन ठेवून द्या. नाना काहीच म्हणत नसत.

एका दुपारी ते ऑफिसातून नाहीसे झाले. परत आल्यावर माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"बघून आलो," ते म्हणाले. "पाठमोरा होता. गाड्यांची शर्यत खेळतो. भाऊ, तो हसत होता."

"मग?"

"घरी हसत नाही."

"नाना, कानाला धरून आणा त्याला."

"जनावर दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन उभं राहायला लागलं तर मारून उपयोग नाही. आपली गव्हाण बघायची. आपल्या गव्हाणीत काय आहे? मी आहे आणि त्याची आई आहे. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं रडायचं." मग जरा थांबून म्हणाले, "ती शर्यत घरी आणायला काय लागतं?"

मी तेव्हा संध्याकाळी कॉम्प्युटरचा कोर्स करत होतो. माझी अक्कल अशी की मी सांगून टाकलं. स्वस्तातला एखादा कॉम्प्युटर, त्यात आवाजाचं कार्ड, सीडी लावायची सोय, दोन स्पीकर. झालं. त्या दिवसापासून माझ्या मागे शनी लागला.

धुळ्यात दोन दुकानं होती, पण नाना धुळ्यात घ्यायला तयार नव्हते. "आपल्या गावात घेतलं तर परत करायला लाज वाटते. खरेदी परक्या बाजारात करावी." म्हणून जळगाव. म्हणजे पहाटेची एसटी, पारोळा, एरंडोल, सासुरवाडीच्या गावावरून मान खाली घालून पुढे, आणि जळगावला उतरून उन्हात दुकानं हिंडणं. माझ्या किरकोळ रजा त्यात गेल्या. बायकोनं विचारलं, "तुमचं जळगावला दुसरं घर आहे का?" मी म्हटलं, असतं तर बरं झालं असतं, दुपारी पडायला तरी मिळालं असतं.

प्रत्येक दुकानात तोच खेळ. काउंटरवरची टाय लावलेली पोरं हसू दाबत आणि नाना गंभीरपणे विचारत, "गाड्यांची शर्यत चालते का? चालवून दाखवा." चालवून दाखवली की म्हणत, "आता बंद करून पुन्हा चालवा." मग मॉनिटरच्या पाठीवर तळहात ठेवून उभे राहत, गाभण गाईच्या पोटावर ठेवावा तसा.

"तापतो."

"तापणारच काका, मशीन आहे."

"आत घरघर कसली?"

"पंखा आहे थंड ठेवायला."

"म्हणजे दम लागतो," नाना मला म्हणत, आणि आम्ही पुढच्या दुकानात.

शेवटी एका मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानाशी त्यांचं जमलं. दुकानदार तिशीचा, चष्मेवाला, सोशिक मुलगा होता. नानांनी वय विचारलं तेव्हा त्यानं हसू न आणता सांगितलं, यंदाचंच मॉडेल आहे. दात दाखवा म्हणाले, तर त्यानं स्क्रू काढून डबा उघडून दाखवला. नाना वाकून आत बघत राहिले. त्यांना त्यात काय दिसलं देव जाणे. पण ते समाधानानं म्हणाले, "अंग भरलेलं नाही, पण नीट आहे."

दुकानदारानं नानांना समजावलं. "काका, तुम्हाला गेमसाठीच हवा असेल तर सुटे भाग घेऊन जोडून देतो. तेवढ्याच पैशात चित्रासाठी चांगलं कार्ड बसेल. हा कंपनीचा तयार सेट आहे, स्वस्त आहे, पण ऑफिसकामाचा आहे."

"जोडून म्हणजे?"

"बोर्ड एकाचा, डिस्क दुसऱ्याची, डबा तिसऱ्याचा. मुंबईहून मागवतो."

नाना माझ्याकडे असे बघायला लागले की जणू दुकानदारानं शिवी दिली. "शिंगं चाळीसगावची, पाय मुक्ताईनगरचे आणि शेपूट आणखी कुठली? असलं जनावर मी दारात बांधू? एका आईच्या पोटचं दाखवा."

मी मध्ये पडायला हवं होतं. दुकानदाराचं बरोबर होतं, एवढं त्या कोर्समुळे मला कळत होतं. पण त्या जिन्याच्या चढउतारानं माझे गुडघे दुखत होते. मी म्हटलं, "नानांना तयारच घ्यायचाय."

पुढच्या खेपेला पैसे घेऊनच गेलो. नाना खाली पानाच्या टपरीवर सुपारी घ्यायला थांबले आणि मी वर गेलो. दुकानदारानं मला बाजूला घेतलं. तो जे बोलला ते मला अक्षरन् अक्षर आठवतं.

"भाऊ, माझ्या मनाला बरं वाटत नाही. हा सेट शर्यतीला अडखळेल. पत्ते, बुद्धिबळ चालेल, पण गाड्या तुटक तुटक पळतील. दुकानात चालवून दाखवली ती माझ्या स्वतःच्या मशीनवर. काका मुलासाठी घेतायत. त्यांना सांगू का मी?"

मी म्हणालो, "मी सांगतो."

आणि मी सांगणार होतो. खरंच. पण सांगितलं असतं तर नाना हा नको म्हणाले असते, जोडलेला त्यांना चालतच नव्हता, म्हणजे पुन्हा नवी दुकानं, पुन्हा पहाटेची एसटी. नाना जिना चढून वर आले तेव्हा माझ्या मनात फक्त एवढंच होतं की आज हे संपावं.

संपायला अजून अवकाश होता. नानांनी खांद्यावरचा रुमाल काढला.

"नाना, इथे नको," मी म्हणालो.

"भाव मोठ्यानं बोलला की पुढच्या गिऱ्हाइकाचा भाव बिघडतो. शेठ, हात द्या."

दुकानदाराला बोटांची भाषा येत नव्हती. म्हणून मी दलाल झालो. आधी माझा हात दुकानदाराच्या हातात, वर रुमाल, मी त्याच्या कानात बोटांचा अर्थ सांगतोय. मग माझा हात नानांच्या हातात, वर रुमाल. दाराशी शेजारच्या दुकानातली माणसं जमली. एकजण म्हणाला, "काय, पोपटाचं भविष्य का?" टायवाला पोरगा फोन हातात धरून तसाच उभा, पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करतोय. मी घामानं भिजलो होतो. दुकानदारानं थोडं सोडलं, नाना थोडे चढले, आणि भाव जमला.

रुमाल अजून हातावर होता. नानांनी माझा हात सोडला नव्हता. ते दुकानदाराला म्हणाले, "शेठ, खोड सांगा."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. "भाऊंना सगळं सांगितलंय, काका."

"असं?" नाना माझ्याकडे वळले. "सांगा भाऊ."

मी म्हणालो, "काही नाही नाना. गुणी आहे."

दुकानदार काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. त्याला वाटलं असेल, आपसात बोलून झालं असेल यांचं. नानांनी आणखी क्षणभर माझा हात तसाच धरून ठेवला. मग रुमाल काढला, झटकला आणि खांद्यावर टाकला. त्यानंतर त्यांनी चहा घेतला.

परतीचा प्रवास लोकांना माझ्या किश्शात सर्वांत आवडतो, आणि तो खराच तसा झाला. "टपावर जनावर नेत नाहीत," म्हणून मॉनिटर माझ्या मांडीवर आणि डबा नानांच्या मांडीवर, जळगाव ते धुळे. कंडक्टर म्हणाला, "याचं लगेज पडेल." नाना म्हणाले, "दोघांनी मांडीवर घेतलंय, तान्हं आहे." पारोळ्यापर्यंत वाद चालला. माझे पाय पारोळ्याच्या आधीच गेले होते. घरी वहिनींनी ओवाळलं, मॉनिटरला कुंकू लावलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा. पोऱ्या घर येस नही, आणि हाई डबडं कसाले आनं?" मी म्हटलं, "वहिनी, येईल आता."

रात्री मुलगा आला. बघून त्याचा चेहरा उजळला, हे मी स्वतः पाहिलं. खुर्ची ओढून बसला, सीडी घातली, शर्यत लावली. गाडी इथून नाहीशी होऊन तिथे उगवायची. वळण यायचं, पडदा थिजायचा, आणि पुन्हा चालू होईपर्यंत गाडी भिंतीत. तो थोडा वेळ खेळला. मग हसला, पण ते हसणं वेगळं होतं.

"नाना, ही तर बैलगाडी आहे," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच बोळात गेला.

त्यानंतरचे आठ दिवस नाना रोज ऑफिस सुटताना माझ्या टेबलाशी येऊन उभे राहत.

"भाऊ, काही सांगायचंय का?"

"कशाबद्दल नाना?"

"नाही, असंच."

मला राग येई. आधीच उशीर झालेला, सायकलला हवा नसलेली, आणि हा माणूस टेबलावर हात ठेवून उभा. मी मनाला सांगत होतो की ही त्यांची नेहमीची चिकित्सा आहे. शेवटच्या दिवशी ते जरा जास्त वेळ थांबले. शिपाई दिवे घालवायला लागला तरी उभे. मी पिशवी उचलली आणि म्हणालो, "नाना, घरी पाहुणे आलेत." पाहुणे नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे आणले. "सौदा पक्का झाला," म्हणून सगळ्यांना एकेक दिला. मीही खाल्ला. आणि त्याच दुपारी कॅन्टीनमध्ये मी तो किस्सा पहिल्यांदा सांगितला. रुमाल, पोपट, तान्हं बाळ, सगळं. लोक पोट धरून हसले. कोणीतरी विचारलं, "मग चालतात का गेम?" मी म्हणालो, "कसले चालतात? बनवलं दुकानदारानं." माझ्या तोंडून ते सहज निघालं. तिथून पुढे ते वाक्य किश्शाबरोबरच राहिलं.

एकदा मी सांगत असताना नाना दारात येऊन उभे होते. मला दिसले तेव्हा उशीर झाला होता. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले, हसायच्या जागी हसले आणि म्हणाले, "रुमाल निळा नव्हता, भाऊ. पांढरा होता." बाकी काही नाही. असा माणूस. ज्याची दुरुस्ती करायची त्याची नाही, आणि रुमालाच्या रंगासाठी मात्र हटून बसणार.

महिना-दीड महिन्यानं वहिनींनी निरोप पाठवून मला घरी बोलावलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. दारात पोचलो तर आतून मोटारीचा आवाज येत होता. खुर्चीवर नाना बसले होते. चष्मा कपाळावर, मान पुढे, दोन बोटं कीबोर्डवर, जणू पावती फाडतायत. पडद्यावर त्यांची गाडी भिंतीला लागून उभी होती आणि ते तिला मागे घेण्याचा प्रयत्न करत होते. बाकीच्या गाड्या कधीच निघून गेल्या होत्या.

"परत गेलं नाही तर निदान खायला घालायला हवं ना," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आणि भाऊ, ही हळू आहे म्हणून मला दिसतं तरी. बोळात बघितली ती डोळ्यांपुढून जायची, कळायचीच नाही."

मुलगा शर्ट बदलायला घरी आला होता. एक बाही घातलेली, एक लोंबतेय, अशा अवस्थेत तो मधल्या दारात उभा होता.

"नाना, डावीकडे."

"डावीकडेच आहे."

"ती उजवी बाजू आहे. अहो, ब्रेक. नाना, ब्रेक कुठाय माहीत आहे का तुम्हाला?"

"गरज पडली नाही अजून. भिंत थांबवते."

"तुम्ही वळायच्या आधी वळता. चित्र थांबतं ना, ते सुरू झाल्यावर वळा."

"म्हणजे कधी?"

"मी सांगतो तेव्हा." त्यानं दुसरी बाही घातलीच नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "थांबा. थांबा. आता."

गाडी पुन्हा भिंतीत गेली. मुलानं कपाळावर हात मारला. "तुम्हाला पावत्या तरी कशा फाडता येतात हो?"

वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "चार दिन व्हयनात. सांजले लवकर येस. आणि दोन्हीजण नुसता भांडतस." त्यांनी मला त्यासाठीच बोलावलं होतं, बघायला. मी चहा घेतला आणि पळालो.

मुलगा एकदम सुधारला असं मी म्हणणार नाही. बोळातलं जाणं बरेच दिवस चालू होतं. पण संध्याकाळी तो घरी असायचा, ओरडत. पुढे परीक्षेला बसला, रडतखडत डिप्लोमा केला, नरडाण्याला एका कारखान्यात लागला आणि तिथेच यंत्रांची देखभाल बघायला लागला. नाना निवृत्त झाले. त्यांना शेवटपर्यंत त्या शर्यतीतलं पहिलं वळण घेता आलं नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या लग्नसराईत चाळीसगावला एका लग्नाला गेलो होतो. जेवणं झाली, दहा-बाराजण मांडवात खुर्च्या गोल करून बसले आणि नेहमीप्रमाणे कोणीतरी म्हणालं, "भाऊ, तो कॉम्प्युटरचा होऊन जाऊ द्या." मी सुरू केलं. रुमाल पांढराच सांगतो हल्ली. हात वर करायच्या जागी हात वर केला. "असं दुकानदारानं बनवलं" झालं, लोक हसले, आणि तेव्हा मला दिसलं की कडेच्या खुर्चीवर नानांचा मुलगा बसला आहे. केस पांढरे झालेले, नानांसारखाच मान पुढे काढून बसलेला. तोही हसत होता.

मी हात धुवायला उठलो तर तो मागे आला. बरे आहात का काका, गुडघे काय म्हणतात, असं सगळं विचारून झालं. मग त्यानं खिशातला रुमाल काढला, माझा ओला हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. मला वाटलं, पुसायला देतोय.

"काका," तो म्हणाला, "खोड सांगा."

मांडवात सनई वाजत होती.

"नानांना त्याच वेळी कळलं होतं," तो म्हणाला. "तुमचं बोट मागे गेलं म्हणत. आयुष्यभर लोकांच्या बोटांकडे बघत होते ते. पण दुकानदार म्हणाला होता ना, भाऊंना सांगितलंय. मग त्याच्याकडे परत न्यायची सोय राहिली नाही. तुम्ही बोललात तरच सौदा मोडणार. आठ दिवस वाट बघितली त्यांनी. रोज येऊन आईला सांगायचे, आज नाही बोलले, उद्या बोलतील."

"तू मला हे आज सांगतोस?"

"त्यांनी नको म्हणून ठेवलं होतं. ते असेपर्यंत नाहीच बोललो. नंतर वाटलं, तुम्ही किस्सा सांगता तेव्हा कधीतरी येईल तुमच्या तोंडी. मी तीन-चार लग्नांत ऐकला. येत नाही." त्यानं माझा हात जरा घट्ट धरला. "आता सांगून टाका. आठ दिवस केव्हाच होऊन गेलेत, परत तर देता येणार नाही."

मी इकडेतिकडे बघितलं. लोक पानाच्या तबकाभोवती होते. रुमालाखाली माझं बोट पुन्हा मागे जायला बघत होतं, ते मला कळत होतं, आणि त्यालाही कळत असणार.

"गाड्या अडखळतात," मी म्हणालो. "मला आधी सांगितलं होतं. मी पुढे सांगितलं नाही."

"हं," तो म्हणाला. तरी त्यानं रुमाल लगेच काढला नाही. "न अडखळणारा आणला असता तर मी एकटाच खेळत बसलो असतो, काका, दार लावून. हे मी नानांनाही सांगितलं होतं एकदा."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, असेल. पण ते भाऊंनी मला सांगायला हवं होतं."

मग त्यानं रुमाल काढला, नानांसारखाच झटकला, आणि तो तोंड पुसत पान खायला गेला.